चित्रपुस्तके कपाटातून वर्गात येऊ द्या

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

जूनच्या मध्याला शाळा उघडतील आणि पहिलीच्या वर्गांतून अक्षरे गिरवणे पुन्हा सुरू होईल. त्याआधी एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. सोलापूरच्या पूर्व भागातील एका प्राथमिक शाळेत मी सव्वीस वर्षे लहान वर्गांना शिकवले. आमच्या शाळेत चित्रपुस्तके नव्हती असे नाही. चांगली शंभरावर होती. परंतु ती मुख्याध्यापकांच्या खोलीतील लोखंडी कपाटात असत, प्रत्येकावर शाळेचा शिक्का आणि डेडस्टॉक रजिस्टरातील, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीतील, क्रमांक असे, आणि वर्षअखेरीस ती मोजून होती तशीच परत ठेवली जात. एखादे पुस्तक कमी भरले किंवा फाटले, तर ज्या शिक्षिकेच्या सहीने ते बाहेर गेले तिने भरपाई करायची, असा अलिखित दंडक होता. साहजिकच सही करायला कोणी पुढे येत नसे. पहिली चार वर्षे मीही केली नाही, हे कबूल केले पाहिजे.

माझे मत बदलले ते एका पावसाच्या चित्रामुळे. पूर्व भागातील वर्ग कसा असतो हे सोलापूरकरांना सांगायला नको. एका बाकावर तेलुगू बोलणारे मूल, शेजारी कन्नड, मागे दखनी उर्दू, आणि या सर्वांना पहिल्या दिवसापासून शिकवायचे मराठीतून. चित्रातील पावसाच्या धारा दाखवून मी ‘हे काय?’ असे विचारले, तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, ‘मळे.’ माझ्या डोळ्यांसमोर उसाचे मळे आले आणि मी त्याला ‘नीट बघून सांग’ म्हणून खाली बसवले. कन्नडमध्ये पावसाला ‘मळे’ म्हणतात, हे मधल्या सुट्टीत शाळेतील सेविकेने मला सांगितले. मुलाचे उत्तर बरोबर होते, चुकले होते ते बाईंचे. पुढे एकदा दुधाच्या पेल्यावर बोट ठेवून एक तेलुगू मुलगी ‘पालु’ म्हणाली, तेव्हा निम्मा वर्ग भिंतीवर पाल शोधू लागला. फळ्यावर नुसते ‘दूध’ लिहून वाचायला सांगितले असते तर ती मुलगी गप्प राहिली असती आणि तिला काही येत नाही, अशी मी मनाशी नोंद केली असती. चित्र समोर असल्यामुळे तिला वस्तू ठाऊक आहे, फक्त तिचे मराठी नाव द्यायचे आहे, एवढे मला कळले. शिकवण्याच्या दृष्टीने या दोन परिस्थितींत फार मोठे अंतर आहे.

अक्षरओळखीच्या तक्त्यावरचे चित्र आणि चित्रपुस्तकातले चित्र, ही एकाच जातीची नव्हेत, हेही सांगायला हवे. तक्त्यावरचा अननस ‘अ’ची पाटी धरून उभा असतो, त्याला दुसरे काम नसते. चित्रपुस्तकात मजकूर एक सांगतो आणि चित्र त्याहून थोडे अधिक सांगते. ओळ असते ‘मनी शहाण्यासारखी झोपली होती’, आणि चित्रात मनीच्या मिशांना साय लागलेली असते. साय पाहून जे मूल हसते, त्याने न लिहिलेले वाचलेले असते, आणि पुढे मोठा उतारा समजून घेताना नेमके हेच लागते. म्हणून पुस्तक वाचून झाले की लगेच मिटून ‘या गोष्टीचे तात्पर्य काय?’ असे विचारण्याची आपली जी सवय आहे, तिचा मला मनापासून कंटाळा आहे.

माझी पद्धत अनुभवातून हळूहळू बसली. एक पुस्तक पाच दिवस पुरवायचे. पहिल्या दिवशी मुखपृष्ठ आणि चित्रे, मजकूर अजिबात नाही. मुलांनी आपापल्या भाषेत बोलायचे. दुसऱ्या दिवशी ओळीखाली बोट फिरवत सावकाश वाचन. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा येणारी ओळ मुले माझ्या आधीच म्हणू लागतात, आणि मग बोट एखाद्या शब्दावर थांबवून ‘हा कोणता?’ असे विचारता येते. चाळीस मुलांना एकदम पुस्तक दाखवणे व्यर्थ आहे, कारण मागच्या रांगेला बाईंच्या हाताखेरीज काही दिसत नाही. दहा-बारा मुले गोलात घ्यावीत आणि उरलेल्यांना शब्दविरहित पुस्तके जोडीने द्यावीत. पुस्तक आपल्या छातीशी न धरता मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आडवे धरून बाजूने वाचायला शिकण्यातच माझे एक वर्ष गेले.

‘चित्रे बघत बसल्यावर अक्षरे कधी येणार?’ असे पालक विचारतात, आणि ती शंका रास्त आहे. चित्र पाहून ‘मनी’च्या जागी ‘मांजर’ म्हणणारे मूल अंदाज बांधते आहे, वाचत नाही. म्हणून अक्षरे आणि स्वरचिन्हे स्वतंत्रपणे, क्रमाने शिकवावीच लागतात, आणि अधूनमधून चित्रावर हात ठेवून नुसता शब्द वाचायला लावावा लागतो. तसे चित्रांतून शिकवण्याचे हे खूळ नवे मुळीच नाही. युरोपात कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञांनी मुलांसाठी सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ मध्येच काढले होते, आणि आपल्याकडे गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांच्या बालशिक्षणाच्या कार्यालाही सुमारे शतक झाले.

मोबाइल-संगणकाच्या पडद्याबद्दल थोडे. आपल्याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या त्यांच्या कामाची जगाने दखल घेतली, याचा मलाही अभिमान आहे. तरीही सहा वर्षांच्या मुलासाठी पडद्यावरचे चित्र पुढे सरकते ते पडद्याच्या वेगाने. पुस्तकाचे पान मूल उलटेपर्यंत थांबून राहते.

पुस्तकांविषयीही एक तक्रार आहे. माझ्या वाट्याला आलेल्या बहुतेक पुस्तकांत घर म्हणजे अंगण, गोठा आणि विहीर. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी आई किंवा यंत्रमागाचा खडखडाट असलेले घर त्यांत मला कधी आढळले नाही. शेवटी आम्हीच पुस्तके केली. मुलांनी चित्रे काढली, त्यांनी सांगितलेली ओळ मी खाली लिहिली, आणि टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या एका आईने पाने शिवून दिली. वर्गात सर्वाधिक हाताळली गेलेली पुस्तके हीच. मुलांची पुस्तके काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेच्या स्टोरीवीव्हर या २०१५ पासूनच्या संकेतस्थळावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूतील गोष्टी मुक्त परवान्याने मिळतात व छापूनही घेता येतात. एकच गोष्ट दोन भाषांत शेजारी ठेवण्याची सोय सोलापूरइतकी क्वचितच कोणाला उपयोगी पडेल.

केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले आणि तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, यासाठी २०२६-२७ ही मुदत ठेवली गेली. त्यासाठी तपासण्या होतात, तक्ते भरले जातात. माझी विनंती त्या मानाने किरकोळ आहे. पहिली-दुसरीची चित्रपुस्तके वापरून झिजणारी वस्तू मानावीत, दरवर्षी काही फाटणार हे गृहीत धरून त्यांचे निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून नाव कमी करणे, विनाचौकशी करावे, आणि शिक्षिकेकडून भरपाई घेतली जाणार नाही असे महापालिका व जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागांनी शाळांना लेखी कळवावे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुस्तके मोजायची असतील तर जरूर मोजावीत. मात्र शाळा उघडेल त्या दिवशी कपाटाची किल्ली पहिलीच्या वर्गशिक्षिकेच्या हाती असावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर