चारही चाकं ओढणाऱ्या छोट्या गाडीबद्दल

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. जुनी का होईना, पण चारही चाकांना जोर देणारी हॅचबॅक घेतलीस हे वाचून फार आनंद झाला. या जातीच्या गाड्या मला मनापासून आवडतात. 1983 साली फियाटने पांडा फोर बाय फोर काढली, पाठोपाठ सुबारूची जस्टी आली, आणि चढावर, चिखलात, बर्फात जायला अवजड जीपच लागते हा समज मागे पडला.

तुझं पत्र इंजिनाबद्दलच्या प्रश्नांनी भरलंय. इंजिनाची काळजी करू नकोस, ते साधं आहे, कुणीही मेकॅनिक सांभाळेल. टायमिंग बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याची नोंद नसेल, तर तेवढा लगेच बदल. तुला खरं लक्ष द्यायचंय ते गाडीच्या मागच्या अर्ध्या भागाकडे. तिथलं काही निकामी झालं तरी गाडी पुढच्या दोन चाकांवर गुपचूप चालत राहते, त्यामुळे आधीच्या मालकांनी तिथे बहुधा हातच लावलेला नसतो.

तू लिहिलंस त्यावरून तुझ्या गाडीत व्हिस्कस कपलिंग आहे. बंद डब्यात पातळ चकत्या असतात, एकाआड एक, पुढच्या शाफ्टला आणि मागच्या शाफ्टला जोडलेल्या. मध्ये दाट सिलिकॉन द्रव. पुढची चाकं घसरून जास्त फिरू लागली की चकत्यांच्या वेगात फरक पडतो, द्रव घुसळून तापतो आणि कपलिंग आवळतं, मग मागच्या चाकांकडे जोर जातो. म्हणजे वेगातला फरक हेच त्याचं काम सुरू व्हायचं कारण. आता हाच फरक कोरड्या, सरळ रस्त्यावरही सतत राहिला तर? कपलिंगला विश्रांतीच नाही. ते तापत राहतं, आतला द्रव बिघडतो आणि शेवटी ते जाम होतं.

हा फरक बहुतेक वेळा टायरमुळेच पडतो. हिशोब करून बघ. 165/65 आर 14 टायरचा व्यास साधारण 570 मिलिमीटर. पुढचा टायर मागच्यापेक्षा 3 मिलिमीटर जास्त झिजला असेल, तर व्यास 6 मिलिमीटरने कमी, आणि दर किलोमीटरला पुढचं चाक सुमारे 6 फेरे जास्त मारतं. लांबच्या प्रवासात हे तासन् तास चालतं. म्हणून चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे ठेव आणि घ्यायचे तर चारही एकदम घे. खाचांच्या खोलीत 2 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडू देऊ नकोस. पुढचे लवकर झिजतात, तेव्हा दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे आणि मागचे पुढे कर. हवाही गाडीवरच्या पट्टीत लिहिलीय तेवढीच भर. स्टेपनी बारीक, कामचलाऊ प्रकारची असेल तर ती लावून फक्त टायरवाल्यापर्यंत जा, तेही हळू.

कपलिंग शाबूत आहे का, हे घरच्या घरी कळतं. अर्धा तास गाडी चालवून ती तापव. मग कोरड्या, सपाट, मोकळ्या जागेत स्टीअरिंग पूर्ण वळवून अगदी सावकाश गोल फिरव. गाडी अडखळत असेल, टायर कुरकुरत असतील, ॲक्सिलरेटर सोडताच ब्रेक लागल्यासारखी थांबत असेल, तर कपलिंग जाम झालंय. दुसरी तपासणी जॅकवर. पुढच्या दोन्ही चाकांना आणि जमिनीवर राहणाऱ्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी अडणीचे ठोकळे लाव, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेव, मागचं एक चाक उचल आणि खाली स्टँड दे. नुसत्या जॅकवर विसंबू नकोस. मग हँडब्रेक सोड आणि उचललेलं चाक हाताने फिरव. सतत जोर लावल्यावर ते जड पण सावकाश फिरलं पाहिजे. भरकन फिरलं तर कपलिंगमध्ये दम नाही. हललंच नाही, तर आधी ब्रेक अडकलेला नाही ना ते बघ, मग कपलिंगवर शंका घे.

कपलिंग उघडून दुरुस्त करायची वस्तू नव्हे, ती पूर्ण बदलावी लागते. तोवर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे जोर नेणारा लांब दांडा, काढून गाडी पुढच्या चाकांवर चालवणारे बरेच आहेत. पण काही गाड्यांत शाफ्ट काढला की ट्रान्सफर केसचं, म्हणजे मागे जोर पाठवणाऱ्या गिअरच्या पेटीचं, तोंड उघडं पडतं आणि तेल वाहून जातं, ते आधी बघ. शाफ्ट काढताना जोडावर खुणा कर आणि पुन्हा त्याच खुणांवर बसव, नाहीतर वेग घेतला की गाडी थरथरते. खाली गेलासच तर शाफ्टच्या मधल्या बेअरिंगचं रबरही बघ. ते फाटलं की गाडी सुटताना खालून धडका ऐकू येतात. बेअरिंग गेलं की घरघर येते, आणि लोक ती टायरचा आवाज समजतात.

आता तेल. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि मागचं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत जोर वाटणारा गिअरचा डबा), तीन जागा. काही गाड्यांत पहिल्या दोन्हींचं तेल एकच असतं, तेव्हा मॅन्युअल बघितल्याशिवाय काही ओतू नकोस. मागच्या डिफरन्शियलला हायपॉइड गिअर असतात, म्हणजे दात एकमेकांवर घासत फिरणारे, त्यांना जीएल-5 दर्जाचंच तेल लागतं, बहुधा 75डब्ल्यू-90 घट्टपणाचं. पण गिअरबॉक्ससाठी जीएल-4 सांगितलं असेल तर तिथे साधं जीएल-5 घालू नकोस, काही जीएल-5 तेलांतली द्रव्यं गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या सिंक्रोच्या पितळी रिंगा खातात. मागे तेल मावतं फार थोडं, त्यामुळे सीलमधून थेंब-थेंब गळतीही महागात पडते. काम करताना आधी तेल भरायचा वरचा बोल्ट सोडव आणि मगच तेल काढायचा खालचा. वरचा गंजून अडकला आणि तेल आधीच काढलेलं असलं, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. खालच्या बोल्टच्या चुंबकावर करडा लगदा दिसला तर चालेल, चकाकणारे तुकडे दिसले तर दात किंवा बेअरिंग गेलंय. वॉशर नवे घाल, गाडी सपाट उभी करून भोकातून तेल ओघळेपर्यंत भर, आणि डिफरन्शियलची श्वास घेण्याची नळी चिखलाने बुजली नाही ना ते बघ. ती बुजली की आतला दाब वाढून सील गळतात आणि नवीन सील घालूनही फरक पडत नाही.

गंज तर बघच. मागच्या डिफरन्शियलची माउंटिंग, सस्पेन्शनचे जोड, दाराखालची पेटी आणि टाकीवरून जाणारे ब्रेकचे पाइप. स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. रंग चांगला दिसतो, पण आत पत्रा उरलेला नसतो.

एक सवय मात्र आत्तापासून लाव. चिखलातून निघताना क्लच अर्धवट दाबून रेस देत राहू नकोस. दोनच चाकांना जोर असणाऱ्या गाडीत अशा वेळी चाक घसरून सुटका होते, हिच्यात चारही चाकं जमीन धरून ठेवतात आणि सगळी घसरण क्लचवर येते. आणि उतारावर ओल असेल तर वेग कमीच ठेव, चारही चाकांचा जोर ब्रेक लावताना काही कामाचा नाही.

गाडी कधी बंद पडलीच, तर पुढची चाकं उचलून ओढून नेऊ देऊ नकोस. चारही चाकं ट्रकवर चढवायला सांग.

चारही टायरची खोली मोजून मला कळव, आणि मागच्या बोल्टच्या चुंबकाचा फोटो पाठव. तो बघून पुढचं लिहितो.

तुझा,
अविनाश