भाऊसाहेब, यात मी कुठंय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकातले महाविद्यालयांच्या बातम्यांचे पान मी पेन्सिल हातात घेऊन वाचले. सवय जुनी आहे. नाशिकमधल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात लिपिक होतो आणि प्रेसनोट लिहिण्याचे काम माझ्याच गळ्यात होते. त्यामुळे अशी बातमी दिसली की अजून हात शिवशिवतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतल्या यशाची एक बातमी होती. तीत अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, प्राचार्य, दोन उपप्राचार्य, क्रीडा संचालक, प्रास्ताविक करणारे, सूत्रसंचालन करणारे आणि आभार मानणारे अशी सगळी मंडळी नावापदांसह हजर. ज्या मुलाने पदक आणले तो शेवटून दुसऱ्या ओळीत. कोणत्या प्रकारात, किती वेळ नोंदवून, पत्ता नाही. फोटोत तो कडेला उभा आहे आणि पुष्पगुच्छामागून त्याचा एक कान तेवढा दिसतो.

तक्रार करण्याआधी कबुली देतो. असल्या बातम्या मी स्वतः ढिगाने लिहिल्या आहेत. प्रेसनोटला बातमीचा नसतो, मानाचा क्रम असतो. मोठ्यांचे नाव आधी, मग उतरत उतरत खाली. पाहुण्यांपैकी कुणाचे नाव राहिले तर दुसऱ्या दिवशी केबिनमधून बोलावणे ठरलेले. विद्यार्थ्याचे नाव चुकले तर कुणी बोलावत नाही, कारण विद्यार्थी केबिनमध्ये बसत नाही. आणि तुमच्याकडे जागा कमी पडली की बातमी खालून कापली जाते. ही गोष्ट मला पहिल्या वर्षातच कळली होती. तरी मी मुलांची नावे खालीच लिहीत राहिलो.

२००९ सालची गोष्ट. पेठ तालुक्यातली एक मुलगी आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला होती. पाच हजार मीटरमध्ये तिने विभागीय स्पर्धेत दुसरा क्रमांक काढला. प्रेसनोट मी लिहिली, पाकीट सायकलवरून मीच पोचवले. तिसऱ्या दिवशी बातमी लागली, मथळा होता ‘महाविद्यालयाचे यश’. दुपारी ती खिडकीशी आली. घडी घातलेला पेपर तिने काउंटरवर उलगडला, बातमीवर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत आणले आणि म्हणाली, “भाऊसाहेब, यात मी कुठंय?” मीही तिच्या बोटामागे वाचत गेलो. शेवटची ओळ क्रीडा संचालकांच्या नावावर संपली होती. तिचे नाव त्याच्या पुढच्या ओळीत होते, म्हणजे माझ्या प्रेसनोटमध्ये होते, पेपरात नव्हते. “वडिलांना दाखवायचा होता,” एवढेच ती बोलली. मग बोनाफाईडचा फॉर्म मागितला. मी तो नेहमीपेक्षा लवकर करून दिला. माझ्या हातात तेवढेच होते.

पुढच्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेतले. आमच्या कार्यालयात पेढे वाटले गेले आणि जो तो “आपल्या भागातली पोर” म्हणत होता. तोवर आमची ती पेठची मुलगी कॉलेज सोडून, दाखला घेऊन गेलेली होती. बातमीत नाव आले असते तर ती थांबली असती, असे मी म्हणणार नाही. घरच्या अडचणी कात्रणाने सुटत नाहीत. पण पदक गळ्यात पडल्यावर पहिले पान सगळेच देतात. त्याआधीची चार वर्षे ही पोरे कुठे पळत असतात, ते कळायला तुमचे हे आतले पानच आहे.

आणि सांगण्यासारखे कमी आहे का? राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर घ्या. बातमीत ‘श्रमदान व ग्रामस्वच्छता’ हे तीन शब्द आणि उद्घाटकांचे भाषण. मुलांनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घातलेला असतो. तो कोणत्या ओढ्यावर, पाणी किती दिवस टिकले, गावाने त्यावर हरभरा केला की नाही, यातले काही येत नाही. ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेचेही तसेच, निवड झाली एवढे कळते, प्रयोग कशाचा ते नाही. पीएच.डी.च्या बातमीत प्रबंधाचे शीर्षक तीन ओळी खाते, मार्गदर्शक दोन, अभिनंदन करणारे पाच. त्या माणसाला सहा वर्षांत सापडले काय, हे विचारायचे राहून जाते. माझ्या माहितीतला एक मुलगा थंडीत सुटीच्या दिवशी दिंडोरीकडे द्राक्षबागेत थिनिंगला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला जाऊन बी.एस्सी. झाला. त्याच्या घरातली ती पहिली पदवी. त्याची प्रेसनोट कुणी काढली नाही, कारण त्या दिवशी पाहुणेच नव्हते.

कॉलेज रोडवरच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयाची स्थापना १९२४ ची. वि. वा. शिरवाडकर तिथलेच विद्यार्थी. त्या काळी ‘वर्गातला एक मुलगा कविता करतो’ अशी प्रेसनोट माझ्यासारख्या कुणी लिहिली असती, तर कुसुमाग्रज नक्कीच ‘आणि इतर विद्यार्थी’ या शब्दांत गेले असते.

तेव्हा विनंती अशी. महाविद्यालयांना एकदा छापूनच कळवा, की पहिल्या ओळीत विद्यार्थ्याचे नाव, गाव आणि त्याने नेमके काय केले ते हवे. फोटोत तो मधे हवा, आणि पुष्पगुच्छ खाली धरून. मान्यवरांची यादी शेवटी येऊ द्या. जागा कमी पडली तर मग कात्री तिच्यावर चालेल. पहिले पंधरा दिवस फोन फार येतील, हे अनुभवाने सांगतो. त्यांना “डेस्कवरून कापले गेले” असे सांगायचे. आम्हाला तुम्ही इतकी वर्षे तेच सांगत आलात.

आपला,
एक निवृत्त वरिष्ठ लिपिक,
पंचवटी, नाशिक