एकाच यंत्रातून निघालेले दाणे

बेळगाव,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र ऐन गणपतीच्या गडबडीत आले आणि विसर्जन आटोपल्यावरच मला ते निवांतपणे वाचता आले. उत्तराला उशीर झाला त्याबद्दल राग मानू नकोस. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. कासव वाचवण्यासाठी ट्रॉलरच्या, म्हणजे जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटीच्या, जाळ्यात बसवायच्या लोखंडी चौकटीमुळे पदरात पडणारी कोळंबी सुटून जाईल का, ही पहिली. आणि रेशनच्या तांदळात प्लास्टिक मिसळलेले असते असे कारवारातही लोक म्हणतात, त्यात काही तथ्य आहे का, ही दुसरी. वरवर पाहता या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण गेला महिनाभर उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या टेबलावर ते दोन्ही एकाच वेळी येऊन बसले आहेत.

आधी तांदळाचे सांगतो, कारण ते घरातच घडले. मागच्या महिन्याचे रेशन आणल्यावर आई नेहमीप्रमाणे सूप घेऊन उंबऱ्याजवळच्या उजेडात बसली आणि निवडता निवडता एका वाटीत वेगळेच दाणे जमवू लागली. ते किंचित पिवळसर होते, त्यांच्यातून उजेड आरपार दिसत नव्हता आणि पाण्यात टाकले की ते वर तरंगत होते. गरिबाच्या ताटात आता प्लास्टिकही घालू लागले, असे ती कळवळून म्हणाली आणि शेजारच्या काकूंनी लगेच दुजोरा दिला. आमच्या गल्लीत निदान चार घरांत हे दाणे वेचून टाकून दिले जातात, हे मला त्या दिवशी कळले.

ती वाटी मी दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये नेली आणि सरफेस प्लेटवर दाणे पसरून भिंगातून पाहिले. तांदळाच्या खऱ्या दाण्याला एका टोकाशी अंकुराची लहानशी खाच असते, ती या दाण्याला नव्हती. उलट टोकाला पाते फिरून गेल्याची सपाट खूण होती. ती खूण पाहताच मला उलगडा झाला, कारण ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडर या यंत्राच्या डाय, म्हणजे भोकांचे साचे, आमच्याकडे जॉबवर्कला येतात आणि त्या डायच्या तोंडाशी फिरणारे पातेही मी कितीदा पाहिले आहे.

हे यंत्र तुला सोऱ्यावरून समजेल. चकलीच्या सोऱ्यात आपण भिजवलेले पीठ भरतो आणि दट्ट्या दाबतो. एक्स्ट्रूडरमध्ये दट्ट्याच्या जागी एकमेकांत गुंतून फिरणारे दोन स्क्रू असतात, ते पीठ मळतात, दाबतात, बॅरलच्या उष्णतेत अर्धवट शिजवतात आणि तांदळाच्या आकाराच्या भोकांमधून बाहेर ढकलतात, आणि बाहेर येताच पाते ते कापून टाकते. सरकारी योजनेत हेच केले जाते. तांदळाची कणी दळून तिच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळतात, त्या पिठाचे पुन्हा तांदळासारखे दाणे पाडून वाळवतात आणि साध्या तांदळाच्या शंभर भागांत एक भाग या प्रमाणात मिसळतात. लोहासाठी बहुधा फेरिक पायरोफॉस्फेट वापरतात, कारण त्याने दाण्याचा रंग फारसा बदलत नाही. दाणा साच्यातून निघालेला असल्याने त्याची घनता थोडी कमी पडते, म्हणून तो तरंगतो. आमच्या आईने जे वेचून बाजूला काढले, ते त्या अख्ख्या सुपातले सर्वांत मोलाचे दाणे होते.

संध्याकाळी मी तिच्यासमोरच चार दाणे कढत पाण्यात टाकले. थोड्या वेळाने ते फुगले, मी ते तिच्या तळहातावर ठेवले आणि बोटाने चिरडायला सांगितले. त्यांचे मऊ पीठ झाले. ती बराच वेळ तळहाताकडे पाहत राहिली आणि मग एवढेच म्हणाली की हे कुणी आधी सांगितले असते तर इतके महिने मी ते फेकले नसते.

तिचे हे बोलणे माझ्या मनातून जात नाही. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून या तांदळाची घोषणा केली, २०२४ पर्यंत रेशन, शाळा आणि अंगणवाड्यांमधला सगळा तांदूळ असा करायचे ठरले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १७,०८२ कोटी रुपये खर्चून ही योजना डिसेंबर २०२८ पर्यंत चालू ठेवण्यास मंजुरी दिली. एवढा पैसा, एवढी यंत्रे, एवढी काटेकोर मापे, आणि शेवटच्या टप्प्यावर, दुकानाच्या भिंतीवर, एक फलक, तोही आमच्या आईला वाचता न येणाऱ्या लिपीत. मी कन्नड सहज वाचतो, माझी मुले तर माझ्यापेक्षा चांगली वाचतात; पण खानापूरच्या किंवा येळ्ळूरच्या ज्या बाईच्या अंगात रक्त कमी आहे म्हणून हा सारा खटाटोप मांडला, ती मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली असते. तिला तिच्या भाषेत दोन वाक्ये सांगायला काय खर्च येतो? मला याचे मनापासून वाईट वाटते.

आणि गरज तर खरीच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची ६७.१ टक्के मुले रक्तक्षयाने ग्रासलेली आढळली. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हेच आकडे ५३.१ आणि ५८.६ होते. कर्नाटकात स्त्रियांचे प्रमाण ४७.८ आणि मुलांचे ६५.५ टक्के आहे. म्हणजे दर तीन मुलांपैकी दोघांच्या रक्तात कमतरता. तरीही केवळ या दाण्यावर विसंबावे, असे माझे मत नाही. तांदळात लोह मिसळल्याने रक्तक्षयाचा धोका फारसा कमी होत नसावा, असे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात म्हटले होते, आणि डॉक्टर मंडळींमध्ये यावर अजून वाद आहे. मला स्वतःला आपल्या सरकारी शाळांमध्ये २०२४ पासून आठवड्याचे सहाही दिवस मिळू लागलेले अंडे, किंवा अंडे न खाणाऱ्यांना मिळणारे केळे, जास्त भरवशाचे वाटते. खानापूरच्या डोंगरपट्ट्यातली नाचणीची आंबील आणि पावसाळ्यासाठी राखून ठेवलेली सुकट ही तर आपल्या आज्यांची पोषण योजनाच होती. त्या सुकटीवरून पुन्हा तुझ्या समुद्राकडे वळतो.

प्लास्टिकच्या दाण्याची भीती लोकांना वाटते ती सर्वस्वी निराधार नाही. फक्त तो दाणा आपण चुकीच्या जागी शोधतो आहोत. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ एमएससी एल्सा ३ हे मालवाहू जहाज बुडाले. चोवीसही खलाशी वाचले, पण सहाशेहून अधिक कंटेनर घेऊन जहाज तळाला गेले. काही कंटेनरांत कॅल्शियम कार्बाइड होते आणि काहींत प्लास्टिकच्या कारखान्यांना लागणारा कच्चा दाणा. मसूराएवढ्या पांढऱ्या गोळ्यांची ती पोती फुटली आणि तिरुवनंतपुरम, कोल्लमच्या किनाऱ्यांवर वाळूत साबुदाणा सांडावा तसा थर साचला. वाऱ्याने आणि प्रवाहाने तो पुढे तमिळनाडूपर्यंत गेला. केरळ सरकारने जहाजाच्या मालकांकडून ९,५३१ कोटी रुपयांच्या भरपाईचा दावा उच्च न्यायालयात लावला आहे. याआधी २०२१ मध्ये श्रीलंकेच्या किनाऱ्याजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाज जळाले तेव्हाही सुमारे १,६८० टन असाच दाणा समुद्रात सांडला होता.

उद्यमबागेत आम्ही त्याला नुसते 'दाणा' म्हणतो. प्लास्टिकवाल्याच्या हॉपरमधून, म्हणजे माल ओतायच्या नरसाळ्यातून, तो ज्या बॅरलमध्ये पडतो, तिथे फिरणारा स्क्रू आणि तांदळाचे पीठ ढकलणारा स्क्रू एकाच कुळातले आहेत. धातू, वेग आणि तापमान बदलते, तत्त्व तेच राहते. कारखान्यात हा दाणा जमिनीवर सांडला तर आम्ही झाडू मारून गोळा करतो. समुद्राला झाडू मारता येत नाही. मासे आणि पक्षी तो मासळीची अंडी समजून गिळतात. तो कुजत नाही, आणि त्याच्या पृष्ठभागावर पाण्यातली विषारी द्रव्ये चिकटून राहतात. माजाळी किंवा देवबागच्या वाळूत, भरतीच्या रेषेवर, असे दाणे दिसतात का ते एकदा डोळ्यांत तेल घालून पाहा, आणि दिसले तर मूठभर डबीत घालून मला पाठव. आईने वेचलेले दाणे मी जपून ठेवले आहेत. ते दोन्ही मला आमच्या कामावरच्या पोरांना शेजारी शेजारी ठेवून दाखवायचे आहेत.

याच कुळातला तिसरा दाणाही आहे, तो म्हणजे तळ्यातल्या माशांना घालतात ती तरंगती गोळी. तिच्यात फिशमील, म्हणजे मासळीची पूड, असते, आणि फिशमीलच्या कारखान्यांत जाते ती मुख्यतः तारली आणि तिच्यासारखी बारीक मासळी. तूच मागे लिहिले होतेस की बोटभरही न वाढलेली तारली धक्क्यावर ढिगाने ओततात आणि ती खाण्याऐवजी ट्रकात भरून जाते. केरळात २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली होती, ती २०२१ मध्ये अवघ्या ३,२९७ टनांवर आली. समुद्राच्या तापमानातले आणि खाद्यातले बदल हे त्याचे एक मोठे कारण असल्याचे अभ्यासक सांगतात, पण पिल्ले उपसत राहिल्याने उरलेसुरले बळही जाते. केरळने तारलीला १० आणि बांगड्याला १४ सेंटिमीटरची किमान लांबी घालून दिली आहे. बेळगावच्या कॅम्पातल्या मासळी बाजारात स्वस्त तारली येते तेव्हा ज्या घरात मटण महिन्यातून एकदा शिजते, त्या घरातल्या मुलांना लोह, कॅल्शियम आणि प्रथिने एकाच कालवणात मिळतात. ती मासळी दळून गोळी करायची, गोळीवर वाढवलेली कोळंबी परदेशी पाठवायची आणि आपल्या मुलांच्या तांदळात लोह वरून घालायचे, हा उलटा हिशेब मला पटत नाही.

आता तुझ्या चौकटीविषयी. मी तिचे आराखडे नीट पाहिले आहेत. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांसाठी ती बनवली आहे. जाळे निमुळते होत जाते त्या गळ्यात स्टीलच्या गजांची लंबगोल जाळी तिरकी बसवतात. गजांमधले अंतर १० सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे कोळंबी आणि मासळी त्यांतून मागे जाते आणि कासव मात्र तिरक्या गजांवर घसरत जाऊन झडपेतून बाहेर पडते. कासवाला श्वास घ्यायला पाण्यावर यावेच लागते. तासन् तास ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात ते गुदमरून मरते, आणि आपल्या किनाऱ्यावर अंडी घालणारे ऑलिव्ह रिडले तर कायद्याने सर्वोच्च संरक्षण मिळालेले आहे. ही चौकट नसल्यामुळेच २०१९ पासून अमेरिकेने आपली समुद्रातली कोळंबी घेणे थांबवले, आणि २७ ऑगस्ट २०२५ पासून तिथे ५० टक्के आयातशुल्क लागल्याने आंध्रातल्या तळ्यांतली कोळंबीही अडचणीत आली. थोडी मासळी झडपेतून सुटेल, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण गजांना बर, म्हणजे कापलेल्या कडेची धारदार कूस, राहिली, वेल्डिंग खडबडीत झाले किंवा कोन चुकला तर ती कितीतरी जास्त सुटेल, कारण चिखल आणि कचरा गजांत अडकून झडप उघडी राहते. हा दोष कल्पनेचा नसून फिनिशिंगचा आहे, आणि फिनिशिंग हे माझे काम आहे. हेच मी चौकोनी आसाच्या, म्हणजे चौकोनी भोकांच्या, जाळीबद्दल म्हणेन: नेहमीचा आस ओढताना मिटतो आणि पिल्ले आत कोंडली जातात, चौकोनी आस ताणातही उघडा राहतो. कागदावरच्या रेघेवरून हे कोळ्याला पटत नाही, ते हातात द्यावे लागते.

म्हणून माझी एक विनंती आहे. तुझ्या जाळ्याचा गळा नेमका किती घेराचा आहे, ते सुतळीने दोनदा मोजून मला कळव. मी संस्थेच्या आराखड्याप्रमाणे चार हिश्श्यांत एक अशी लहान चौकट स्टेनलेस स्टीलमध्ये बनवून, गजांना पॉलिश करून, दसऱ्याच्या सुट्टीत घेऊन येतो. बैतकोलच्या धक्क्यावर पाण्याची टाकी भरून, नारळाचे कासव आणि कोळंबीच्या जागी मूठभर चणे घेऊन आपण ती सगळ्यांना चालवून दाखवू. समजावून सांगायचे काम तू तुमच्या कोकणीत कर, गज मी धरतो.

काकूंना माझा आणि आईचा नमस्कार सांग, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. हे पत्र लिहिताना आईने मला दोनदा आठवण करून दिली आहे की, तुमच्याकडे कुणी ते पिवळसर दाणे वेचून टाकत असेल, तर त्यांना थांबव.

तुझा,
उद्यमबागेतला मित्र