भोक बुजवू नका, नाणे उजळू नका

मा. संपादक,

पुण्यातल्या नाणे-प्रदर्शनांत रोमन सोन्याच्या नाण्याला, म्हणजे ऑरियसला, भोक दिसले की ‘खराब माल’ म्हणून भाव पाडतात. काही जण ते सराफाकडे डाख देऊन बुजवतात, वर उजाळाही देतात. भारतात सापडलेल्या नाण्याचा इथला इतिहास नेमका त्या भोकात असतो.

अशा नाण्यांवर बरेचदा सम्राटाच्या डोक्याच्या वरच्या बाजूला शेजारी शेजारी दोन भोके दिसतात. एका भोकात दोरा ओवला तर नाणे गळ्यात फिरते. दोन असली की चेहरा समोर राहतो. म्हणजे घालणाऱ्याला सोन्याइतकेच चित्रही हवे होते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या प्राचीन गावी तर रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला सापडल्या आहेत! टोच्याने पाडलेल्या जुन्या भोकाला मागे धातूचा ओठ येतो आणि दोऱ्याने वरची कड झिजते. ड्रिलचे भोक गोल, धारदार.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईचे उदाहरण उलटे. तिथे १८९८ मध्ये मिळालेल्या ५०१ ऑरियसपैकी बहुतेकांवर थेट सम्राटाच्या मुखावर छिन्नीचा घाव आहे. आत हलका धातू आहे का ते पाहिले असेल, असे कोणी म्हणतात. पण त्याला कडेचा घावही पुरला असता. नाणे चलनातून बाद करण्याची ती खूण असावी, हे आम्हाला जास्त पटते.

रोमन सम्राट टिबेरियसच्या ऑरियसवर मागे बसलेली स्त्री असते, एका हातात राजदंड, दुसऱ्यात डहाळी. तिला बहुधा त्याची आई लिविया मानतात. उजाळ्यात आधी जाते ती ही डहाळी.

खरेपणा घरीही तपासता येतो. ग्रॅमचे दोन दशांश दाखवणारा वजनकाटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा आणि नाणे दोऱ्याने पाण्यात अधांतरी धरा. तळाला टेकू देऊ नका. ७.८ ग्रॅमच्या नाण्याला काटा ०.४१ च्या आसपास थांबावा. पितळ असेल तर ०.९ दाखवतो. नाण्याला बुडबुडा चिकटला तर आकडा फुगतो आणि चांगले नाणेही हिणकस ठरते, म्हणून पाण्यात साबणाचा थेंब टाका. टंगस्टन मात्र या परीक्षेत सोन्यासारखेच उतरते. आणि भोकात हिणकस डाख भरलेला असेल, तर ही मोजणीही बिघडते.

— दोन नाणेसंग्राहक, सदाशिव पेठ, पुणे ३०