दशावतार घरात, प्रकल्प नेटवरचा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वेंगुर्ले तालुक्यात एका शाळेच्या वाटेवर माझं झेरॉक्स आणि प्रिंटचं छोटं दुकान आहे. चौदा वर्षं झाली. दिवाळीची सुट्टी संपत आली की आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीत दुकानात उभं राहायला जागा नसते, कारण शाळेत प्रकल्प द्यायचे असतात. विषय आता मला पाठ झालेत. फ्रेंच राज्यक्रांती, दांडीयात्रा, संत ज्ञानेश्वर, माझा आवडता लेखक, सर्वधर्मसमभाव, दादासाहेब फाळके. या विषयांबद्दल माझी तक्रार नाही, मुलांना ते माहीत व्हायलाच हवेत. पण वर्षानुवर्षं त्याच पानांच्या प्रिंट काढताना जे दिसतं, ते कुणीतरी लिहायला हवं असं वाटलं, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी एक मुलगा आला. "काका, दशावताराचो प्रोजेक्ट काढून देवा." मी नेटवर शोधून बारा रंगीत पानं काढून दिली. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह. विष्णूच्या दहा अवतारांची चित्रं आणि खाली माहिती. पानं फाईलला लावताना माझ्या ध्यानात आलं की या मुलाचा सख्खा काका दशावतारी नाटक कंपनीत आहे. जत्रांच्या दिवसांत तो रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावच्या दहीकाल्यात, म्हणजे जत्रेतल्या रात्रीच्या नाटकात, तोंडाला रंग लावून उभा असतो. आणि पोराच्या फाईलमध्ये कंपनीच्या सामानाचा पेटारा नाही, संकासुर राक्षस नाही, राजाचं काम करणारी राजपार्टी नाही. त्या फाईलला गुणही चांगले मिळाले. मुलाला मी दोष देत नाही. पानं मीच काढून दिली होती, आणि ते मला अजून टोचतं.

काकाजवळ तो अर्धा तास बसला असता, तर काय मिळालं नसतं? आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती आणि संकासुराचं आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग, मग मुख्य आख्यान, हा क्रम कळला असता. लिहिलेली संहिता नसते, कथानक ठरतं आणि प्रत्येक नट आपलं बोलणं तिथल्या तिथे उभं करतो, हे कळलं असतं. एका बाकड्याचं सिंहासन कसं होतं, पुरुष नट स्त्रीपार्टी कशी उभी करतो, पेटी, पखवाज आणि झांजेवर युद्ध कसं रंगतं, हे त्याने आपल्या शब्दांत लिहिलं असतं. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात मनोरंजनाच्या माध्यमांवर धडा आहे आणि त्यात दशावतारी नाटकांचा उल्लेख आहे. म्हणजे हे अभ्यासक्रमाबाहेरचं नाही.

साहित्याचंही तेच. "वि. स. खांडेकर" हा विषय दरवर्षी येतो. जन्म सांगलीचा, १८९८. 'ययाती'ला १९७४चा ज्ञानपीठ, मराठीतला पहिला. मधली वर्षं "काही काळ शिक्षक म्हणून काम केले" एवढ्या एका ओळीत संपतात. हा "काही काळ" म्हणजे १९२० ते १९३८, आमच्या शिरोड्यात. याच वर्षांत ते कथा-कादंबऱ्या लिहीत होते, आणि इथे मास्तर असतानाच त्यांनी मास्टर विनायकांच्या 'छाया' (१९३६) या चित्रपटाची कथा लिहिली. साहित्य आणि सिनेमा असे दोन प्रकल्प एकाच गावात निघतील. मुलं मात्र एकाच साच्यातला लेखक-परिचय आणि फाळक्यांचा १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' एवढंच आणतात.

दांडीयात्रेच्या फाईलवर गांधीजींचं चित्र असतं, ते असायलाच हवं. पण त्याच वर्षी, १९३०च्या मे महिन्यात, शिरोड्याच्या मिठागरांवरही सत्याग्रह झाला. ही जागा बघायला आमच्या मुलांना एसटीचं एक तिकीट पुरतं. तिथे जाऊन मीठ कसं पिकवतात ते विचारलेला एकही प्रकल्प माझ्या दुकानात आजवर आलेला नाही.

वर रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, कातळशिल्पं आहेत, जमिनीच्या खडकात कोरलेल्या प्राचीन आकृत्या. कशेळीचा प्रचंड हत्ती आहे, आणि आमच्या जिल्ह्यात मालवण तालुक्यातलं कुडोपी. २०२२मध्ये ही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. प्राचीन इतिहास म्हटला की मुलं हडप्पाची मुद्रा काढतात. ती काढू देत, पण सोबत सड्यावरची एक आकृतीही काढू देत.

धर्माच्या विषयाबद्दल मला जास्त वाटतं. सर्वधर्मसमभाव म्हणजे देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा अशी चार चित्रं, असं ठरून गेलंय. गावऱ्हाटी, म्हणजे गावच्या देवाचे मान आणि रीती ठरवणारी परंपरा, हा शब्द कुठल्या फाईलमध्ये मी पाहिला नाही. गावात देवापुढे सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घातलं जातं तेव्हा कुणाकुणाची नावं घेतात, कुठल्या घराण्याचा कुठला मान, "व्हय म्हाराजा" कोण म्हणतं, हे शब्दन् शब्द उतरून घेण्यासारखं आहे. गावागावांत ते वेगळं असतं आणि म्हाताऱ्यांबरोबर जातं. अलिबागकडे बेने इस्रायली ज्यू तेलाचे घाणे चालवत. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. मराठीतून कीर्तन करणारे हे ज्यू कोकणातल्या मुलांना माहीत नसावेत, याचं फार वाईट वाटतं. आणि चवदार तळं? तेही कोकणातच, महाडला. २० मार्च १९२७ ही तारीख मुलांना येते, पण तळ्याच्या काठी उभं राहून आलेलं पोर विरळा.

शिक्षकांवर सगळं ढकलायचं नाही. एकेका शिक्षकाकडे तीन-तीन वर्ग असतात, वर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं. तपासायला दीडशे फाईल असल्या की छापील आणि रंगीत फाईल नीटनेटकी दिसते, तिला गुण पडतात. आम्ही पालकही रात्री नऊ वाजता "उद्या द्यायचंय" म्हणून दुकानात धावतो. एका मुलीने आजीला विचारून भाताच्या जुन्या जातींबद्दल पेन्सिलीने चार पानं लिहिली होती. ती झेरॉक्स काढायला आली तेव्हा तिची आईच म्हणाली, "ह्यापेक्षा नेटवरचा काढ, बरा दिसतला." ती चार पानं मी आजही विसरलो नाही.

म्हणून शिक्षण विभागाला आणि मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. वर्षातल्या प्रकल्पांपैकी निदान एक आपल्या गावचा आणि मुलाच्या हस्ताक्षरातला असावा. कुणाला विचारलं आणि कुठे जाऊन पाहिलं, हे त्यात लिहिलेलं असावं आणि गुणही त्यालाच असावेत. अक्षर वाकडं असलं तरी चालेल.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत प्रकल्प दिले जातील आणि त्यानंतर लगेच आमच्याकडे दहीकाले सुरू होतील. स्वतः पाहून, विचारून लिहून आणणाऱ्या प्रत्येक मुलाची प्रत मी पैसे न घेता काढून देईन, फोटोंसकट.

आपला,
एक दुकानदार वाचक,
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग