कवितेच्या तासाला विषय नको, वस्तू द्या

संपादक महोदय,

२७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की शाळांमध्ये काव्यलेखन स्पर्धा लागतात. विषय ठरलेले: पाऊस, आई, झाड, माझी मायमराठी. विषय ऐकताच मुलांना त्यावरची पाठ असलेली कविता आठवते आणि वर्गभर तीच थोडी फिरवून उतरते. त्याऐवजी हातात वस्तू द्यावी आणि अक्षरांचं बंधन घालावं.

पिकलेली चिंच घ्या, दोघांत एक. पाच मिनिटं नुसत्या नोंदी: हाताला, कानाला, नाकाला काय कळलं ते सुटं सुटं, निदान दहा ओळी. ‘सुंदर, छान, मस्त’ बंद. ‘जणू, सारखा’ही बंद. चौथ्या-पाचव्या नोंदीला मुलं अडतात आणि ‘चिंचेचं सार करतात’ असा निबंध सुरू होतो. तिथे उत्तर पुरवू नये, प्रश्न विचारावा. साल फुटताना आवाज कसा आला? चिंचोक्याची कड कशी लागते?

मग मोठ्या अभंगाचा साचा: तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्यात. जोडाक्षर एकच धरायचं. ‘दप्तर’ तीन अक्षरांचं, पण बोटांवर हमखास चार होतात, म्हणून आधी फळ्यावर पाच-सहा शब्द मोजून घ्यावेत. पहिल्या खेपेला असं काहीतरी येतं: ‘चिंच खूप छान / आंबट लागते’. मोजणी चोख, हाती काही नाही. नोंदींकडे परत पाठवलं की असं होऊ शकतं:

वाजली कडक
तपकिरी साल
आत दोरे लाल
चिकटले

चिंचेचं नाव नाही, तरी चिंच कळते. चौथ्या चरणाशी मात्र बरीच मुलं थकतात आणि ‘मला वाटे’ घालून मोकळी होतात. यावर उपाय सोपा आहे: नोंदींतून चार अक्षरांचा शब्द आधी शोधायचा, बाकीचे चरण त्याच्यापर्यंत आणायचे.

यमकाबद्दल थोडं खरमरीत लिहावं लागेल. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे आला-गेला-झाला हे यमक फुकट मिळतं. मूल ते जुळवतं आणि अर्थ त्याच्यामागे फरफटत जातो. नियम एकच: यमकाच्या जागी क्रियापद चालणार नाही. स्पर्धेच्या परीक्षकांनीही ‘यमक जुळले’ म्हणून गुण वाटणं थांबवावं.

क्रियापदांचा वेगळा व्यायाम आठवी-नववीला चांगला जमतो. डावीकडे वर्गातली आठ नामं: घंटा, फळा, खिडकी, हजेरी... उजवीकडे घरातल्या-शेतातल्या कामांची आठ क्रियापदं: उसवणे, चाळणे, परतणे, पेरणे, टाचणे... कोणतंही कोणाशी जोडायचं. ‘घंटा दुपार उसवते’ अशी एखादी ओळ निघते. उरलेल्या बहुतेक फसतात आणि फसू द्याव्यात. आठातली एक ठेवून पुढच्या तीन ओळी तिच्यावरून लिहायच्या.

पस्तीस मिनिटांच्या तासात एवढं सगळं बसत नाही. पहिला तास नोंदी आणि कच्च्या मसुद्याचा, दुसरा कापाकापीचा. कापताना पहिली आणि शेवटची ओळ झाकून वाचायला सांगावं. (अभंगाला हे लागू नाही, तिथे साचाच मोडेल.) पहिली ओळ बहुधा प्रस्तावना असते आणि शेवटची ‘म्हणून झाडे लावा’. दोन्ही गेल्या तरी कविता उभी राहत असेल, तर त्या खोडाव्यात.

लाल पेन पहिल्या तासाला बाहेर काढूच नये. ऱ्हस्व-दीर्घ नंतर बघता येतं. आणि वऱ्हाडातल्या मुलाने ‘आभाय’ लिहिलं असेल तर ते ‘आकाश’ करू नये. चरणातल्या अक्षरांचा हिशेब बिघडला, तर तो त्याच्याच बोलीतला दुसरा शब्द शोधून बसवेल.

— एक मराठी भाषाशिक्षक