कुकरवाल्याची बोट फोडली ते गाव

आई, बाबा,

परवा फोनवर रेंज जात होती आणि सांगायचं राहून गेलं म्हणून लिहूनच टाकतोय. शनिवारी रूमवरची पोरं झोपा काढत होती, मी एकटाच इथं जर्मनीत कासेलहून ट्रेन पकडली आणि हान मुंडेनला उतरलो. गाव म्हणजे मुंडेनच, पण इथल्याच वेझर नदीवर खाली मिंडेन आहे, घोळ नको म्हणून पुढे जुन्या हानोवर राज्याचं 'हान' लावलंय, आपल्याकडं बुद्रुक-खुर्द लावतात तसं.

बाबा, डिट्टो आपला प्रीतिसंगम! एकीकडून फुल्डा येते, दुसरीकडून वेरा, आणि मधल्या टोकावर 1899 चा एक मोठा दगड, त्यावर कविता कोरलीय की इथं दोघी एकमेकींचा मुका घेतात आणि नावं घालवून बसतात. आपल्याकडं कोयनेनंच नाव सोडलं ना, कृष्णा कृष्णाच राहिली, इथं दोघींचंही गेलं, पुढं सगळी वेझर, ती पार ब्रेमरहाफेनला समुद्राला मिळेपर्यंत. वरच्या पोटॅशच्या खाणींमुळं वेराचं पाणी खारट असतं म्हणे, मी बोट बुडवून चाखलं, काही कळलं नाही (ओरडू नको आई, थुंकलो लगेच).

आणि आई, हे तुझ्यासाठी. तुझा कुकर आहे ना, त्याचा खापरपणजोबा ज्यानं बनवला तो देनी पापँ नावाचा फ्रेंच माणूस, वाफेचा दाब वाढला की उचलून येणारी झडपही त्याचीच. तर हा 1707 ला वल्ह्यांऐवजी चाकं लावलेली बोट घेऊन बायकापोरांसकट कासेलहून लंडनला निघाला, आणि पहिल्याच मोठ्या गावात, म्हणजे इथंच, अडकला. कारण 1247 पासून गावाला हक्क होता, नदीनं येणारा माल इथं उतरवायचा, तीन दिवस विकायला ठेवायचा आणि मगच पुढं न्यायचा, त्यावरच गाव गबर झालं. नाववाल्यांचा संघ पण तसाच कडक, बाहेरची बोट दिसली की पोटावर पाय आल्यासारखं. फोडून टाकली त्यांनी बोट! माणूस हात हलवत लंडनला गेला. मला तर नाववाल्यांचा रागही येईना, आपल्या स्टँडवरचे रिक्षावाले आठवले.

बाकी लाकडी सांगाड्याची जुनी घरं सातशेच्या वर आहेत, काही एवढी कलली आहेत की खाली उभं राहून फोटो काढायला धीर होईना.

संगमावर बसून डबा खाल्ला, भेळवाला काही दिसला नाही. पुढच्या वेळी तिथूनच व्हिडिओ कॉल करतो, आजीला दाखवा. आणि लोणचं संपलंय.

तुमचा,
बंड्या